दादांचा राग आणि मुलांचा प्रश्न

(पोखर्णी, जि. परभणी येथे झालेल्या पालक मेळाव्यात आम्हा भावंडांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या संगोपनावर चार शब्द बोलावेत, अशी समितीची सूचना आहे. आम्ही कोणी विद्वान वक्ते नाही. एका फौजी माणसाच्या घरात वाढलेली आम्ही तीन भावंडे आहोत. जे भोगले आणि त्यातून जे उशिरा का होईना समजले, तेवढेच सांगणार आहोत. आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते आज सभेत हजर आहेत. त्यांना विचारूनच हे बोलत आहोत. ते मागे, दाराजवळ, भिंतीला पाठ लावून बसले आहेत. तिथेच का, हे पुढे येईल.

आपल्या समाजाला फौज नवीन नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. हा इतिहास आपण मुलांना अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवा. पण लढाईहून जिवंत परतलेला माणूस मध्यरात्री ओरडत का उठतो, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही.

दादाही श्रीलंकेत होते. भारताची शांतिसेना तिथे जुलै १९८७ मध्ये गेली आणि मार्च १९९० मध्ये परतली. आपले सुमारे बाराशे जवान तिथे कामी आले. जाफन्याकडच्या रस्त्यांखाली सुरुंग पेरलेले असत आणि शत्रू साध्या वेशात लोकांत मिसळलेला असे. १९९५ साली दादा पेन्शनवर गावी आले. थोरली तेव्हा बारा वर्षांची, मधली नऊची आणि धाकटा सातचा. फौजेतले दादा आता कायमचे घरी राहणार, म्हणून आम्ही हुरळून गेलो होतो.

पण घरी आलेले दादा वेगळेच होते. रस्त्यात कुठे खड्डा नव्याने बुजवलेला दिसला, तर ते चिखलातून जात, पण त्यावर पाय ठेवत नसत. रानडुकरे हाकलायला शेतात कोणी फटाका उडवला की ते अंथरुणातून उठून आम्हाला ओढत भिंतीच्या आडोशाला नेत. एका लग्नाच्या पंगतीत सुतळी बॉम्ब फुटला. दादांनी समोरचे ताट उधळले आणि हसणाऱ्या धाकट्याला सगळ्या वऱ्हाडासमोर दोन थपडा लगावल्या. मग कोणाशी न बोलता उठून ते रेल्वे स्टेशनकडे चालत गेले आणि रात्री उशिरा परतले. गावात कोणी म्हणे, फौजी डोके आहे. कोणी म्हणे, कँटीनची दारू बोलते. आई आम्हाला एकच सांगे, "आवाज करू नका, दादा चिडतील."

बिचाऱ्या आईचा काय दोष? तिलाही कोणी काही सांगितले नव्हते. पण त्या एका वाक्याने दादांच्या रागाची किल्ली आमच्या हाती दिली. आम्ही गप्प राहिलो तर दादा शांत राहतील, आणि ते चिडले म्हणजे आमचेच चुकले! थोरलीने दाराच्या कडीला चिंधी गुंडाळली, कारण कडी वाजली की दादा दचकून उठत. हंडा खाली ठेवताना ती श्वास रोखून धरी. पुढे कित्येक वर्षे, सासरीसुद्धा, तिची ही सवय गेली नाही.

२००५ साली दादांना पुण्याला उपचारासाठी नेले. तेथील डॉक्टरांनी आम्हा तिघांना एकेकटे बसवून एकच प्रश्न विचारला : "वडील का चिडतात असे तुला लहानपणी वाटायचे?" थोरली म्हणाली, "माझ्या हातून भांडी वाजतात म्हणून." मधली म्हणाली, "मी गणितात नापास झाले, तेव्हापासून." धाकटा म्हणाला, "मी जन्मलो तेव्हा ते लंकेत होते. मी त्यांना आवडतच नाही." एका घरात, एका छपराखाली वाढलेली तीन मुले, त्यांची तीन उत्तरे, आणि तिन्ही चुकीची! दहा वर्षांत आम्ही हे एकमेकांनासुद्धा सांगितले नव्हते.

बंधू-भगिनींनो, आम्हाला आज सांगायचे आहे ते एवढेच. मुलाला खरे कारण सांगितले नाही, तर ते कारणावाचून राहत नाही. ते स्वतःच एक कारण शोधते, आणि बहुधा ते कारण ते स्वतःच असते.

मग खरे कारण काय? पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून वाचलेले सैनिक थरथरत, मुके होत. १९१५ साली डॉक्टरांच्या लिखाणात त्याला 'शेल शॉक' हे नाव आले. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी या आजाराला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक ताण, असे नाव देऊन आपल्या यादीत घेतले. हा आजार फक्त सैनिकांचा नाही. किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत लोक अनेक रात्री उघड्यावर झोपले. पत्रा वाजला तरी माणसे बाहेर धावत. बहुतेकांची ती भीती हळूहळू ओसरली. काहींची ओसरत नाही, धोका टळला तरी अंगातली धोक्याची घंटा वाजतच राहते. छाती धडधडते, झोप उडते, जुने प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि भीती रागाच्या रूपाने बाहेर पडते. प्रत्येक सैनिकाला हा आजार होतो असे नाही. ज्याला होतो तो भित्रा नसतो की वाईट नसतो.

मुलाला हे कसे सांगावे? पाच-सहा वर्षांच्या लेकराला दोन वाक्ये पुरेत : "दादांनी फौजेत खूप भयंकर गोष्टी पाहिल्या, म्हणून मोठा आवाज झाला की त्यांना वाटते, धोका आला. हे तुझ्यामुळे नाही." हे शेवटचे वाक्य एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला सोलाचे उदाहरण द्यावे : ज्याला एकदा साप चावला, त्याला अंधारात विहिरीचा सोलही सापच दिसतो. मोठ्या मुलांना आजाराचे नाव सांगावे, त्यावर उपचार आहेत हे सांगावे आणि त्यांचे प्रश्न ऐकून घ्यावेत. मात्र रणांगणावरची वर्णने मुलांच्या माथी मारू नयेत. दादांनी आम्हाला पहिल्यांदा सांगितले ते इतकेच : "पुढची गाडी उडाली. मी मागच्या गाडीत होतो." तेवढे पुरे होते. "आवाज करू नका, दादा चिडतील" असे म्हणण्याऐवजी "आवाजाने दादांना त्रास होतो, तो त्यांच्या आजाराचा आहे, आपण जरा बाहेर खेळू" असे म्हणावे. शब्दांत फरक थोडा आहे, पण मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कारण समजणे वेगळे आणि मार खाणे वेगळे. आजार आहे म्हणून लेकरावर किंवा बायकोवर हात उगारण्याची मुभा कोणालाही नाही. राग चढू लागला तर कोणाच्या घरी जायचे, हे मुलांना आधीच ठरवून द्यावे. आमच्यासाठी आत्याचे घर होते. बापाला शांत करणे हे मुलाचे काम नाही, मुलाला पहारेकरी करू नका. आणि बापानेही राग ओसरल्यावर मुलाजवळ जाऊन म्हणावे, "चूक माझी होती, तुझी नव्हती." बापाने असे म्हटल्याने त्याचा मान कमी होत नाही.

उपचार आहेत. तज्ज्ञांशी ठरावीक पद्धतीने बोलत बोलत जुन्या आठवणींची धार कमी करता येते. गरजेप्रमाणे औषधेही असतात. दारूने मात्र झोप आल्यासारखे वाटते आणि आजार बळावतो. माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा फोन क्रमांक सुरू आहे. तो विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीतूनही बोलता येते. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये उघडण्यात आला. आणि बालमित्रांनो, तुम्हाला घरात मार बसत असेल, भीती वाटत असेल, तर १०९८ हा क्रमांक तुमच्यासाठी आहे. तो पाठ करा.

दादा पूर्ण बरे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. आजही ते दाराकडे तोंड करून, भिंतीला पाठ लावून बसतात, कारण पाठीमागे कोणी असले की त्यांना चैन पडत नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीत फटाक्यांच्या वेळी ते शेतावर जातात. पण आता जाताना नातवंडांना सांगून जातात, "माझ्या कानांना सोसत नाही, बाळांनो. तुम्ही खुशाल नाचा." नातवंडे नाचतात. आमच्या घरात दाराच्या कडीला आता कोणी चिंधी बांधत नाही.