गाडीतला नकाशा आणि आपली गल्ली

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा पुरुषांचा प्रांत. गाडीतल्या स्क्रीनवरचा नकाशा. पण आमच्या घरात त्या नकाशामुळे एका संध्याकाळी जिवाला घोर लागला होता, म्हणून बोलते.

आम्ही लालबागचे. माझा भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा, नाशिकला असतो. त्याने जुनी गाडी घेतली, छान, आतच नकाशा बसवलेला. २०२५ च्या ऑक्टोबरात तो आजीला, माझ्या सासूबाईंना, सिद्धिविनायकाच्या दर्शनाला घेऊन गेला. परतताना सासूबाईंना दम लागला. त्यांचे कागद परळच्या हॉस्पिटलात, म्हणून त्याने गाडीलाच रस्ता विचारला. गाडीने एल्फिन्स्टनच्या पुलावरून सरळ जायला सांगितलं. आता तुम्हाआम्हाला माहीत आहे, तो पूल सप्टेंबरातच वाहतुकीला बंद झाला होता. नाशिकच्या पोराला काय ठाऊक? पुढे पत्रे लावलेले. त्याचा मला फोन, "मामी, पूल बंद आहे, आणि हा नकाशा अजून सरळच जा म्हणतोय!" मी हॉस्पिटलच्या दारात उभी. शेवटी दादरच्या टिळक पुलावरून वळसा घालून तो पोहोचला. सासूबाई आता बऱ्या आहेत. नंतर म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गं पूल बंद आहे ते, पण तोंडातून शब्दच फुटेना."

दुसऱ्या दिवसापासून भाचा नवा नकाशा घालायच्या मागे लागला. कंपनीने त्या मॉडेलला नकाशे देणं थांबवलेलं. होता त्या नकाशात मोठी शहरं आणि महामार्ग तेवढे नीट. कोकणातल्या आमच्या गावाचं नाव घातलं की स्क्रीन म्हणे, या भागाचा नकाशा उपलब्ध नाही. त्याने इंटरनेटवरून फुकटचा नकाशा पेनड्राइव्हवर घेतला, गाडीत लावला. गाडीने ओळखच दाखवली नाही.

असं का होतं? एक तर हा नकाशा म्हणजे नुसतं चित्र नव्हे. कुठला रस्ता कुठल्या रस्त्याला मिळतो, कुठे एकेरी, कुठे वळायला मनाई, हे सगळं त्यात विशिष्ट पद्धतीने भरलेलं असतं, आणि ती पद्धत ज्याची त्याची वेगळी. दुसरं, बऱ्याच गाड्यांत त्या फाइलला कंपनीचं कुलूप असतं. कंपनीची खूण नसली की गाडी ती उघडत नाही. काही गाड्यांत तर कार्डसुद्धा त्याच गाडीशी बांधलेलं असतं, शेजारणीच्या गाडीतलं कार्ड चालत नाही.

मग काही गाड्यांत पेनड्राइव्हवरून आपल्या ठिकाणांची यादी तरी भरता येते. गावचं घर, दवाखाना, पेट्रोल पंप असे ठिपके दिसतात. रस्ता मात्र नवा होत नाही. काचेला लावायची गार्मिनसारखी वेगळी यंत्रं असतात, त्यांत ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा रूपांतर करून घालता येतो. पण बाजारात कोणी "कुलूप तोडून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका. त्याच स्क्रीनवर मागचा कॅमेरा असतो, कधी एसीची बटणंही असतात. स्क्रीन बंद पडली तर सगळंच गेलं, वॉरंटीही गेली. काहीही करण्याआधी मूळ कार्ड जपून ठेवा.

आमच्या भाच्याने शेवटी साधा मार्ग धरला. गाडीच्या स्क्रीनला फोन जोडायची सोय होती, अँड्रॉइड ऑटो म्हणतात ती. आयफोनवाल्यांना कारप्ले. फोनमध्ये ऑरगॅनिक मॅप्स घेतलं आणि घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवला. आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहांवरून कळतं, त्याला नेट लागत नाही. त्यामुळे घाटात रेंज गेली तरी रस्ता दिसतो. दर महिन्याला नकाशा ताजा करून घ्यायचा, एवढं लक्षात ठेवा. पत्ताही गाडी सुरू करण्याआधीच घाला.

आता आपल्या कामाचं. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. तो कुणा एका कंपनीचा नाही, लोकच तो भरतात. खातं उघडलं की तुम्हीही भरू शकता. मराठी नावासाठी त्यात वेगळी जागा आहे, जुन्या नावासाठीही आहे. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ साली प्रभादेवी झालं, पण म्हातारी माणसं अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. दोन्ही नावं भरली तर कुठल्याही नावाने शोधता येतं. पूल बंद झाला तर तेही तिथे नोंदवता येतं.

लालबागची चिवडा गल्ली, गिरगावातली फणसवाडी, मुगभाट, आत कुठून शिरायचं, कुठल्या बोळातून गाडी जाते आणि कुठे रिव्हर्स घ्यावी लागते, हे आपल्याइतकं कोणाला माहीत? नियम दोनच. डोळ्यांनी पाहिलेलंच भरायचं, दुसऱ्या नकाशावरून उतरवायचं नाही. आणि कुणाचं खासगी नाव, फोन नंबर त्यात टाकायचा नाही.

मी आमच्या चाळीचं दार आणि मागचा बोळ भरला. दोन दुपारी गेल्या, चष्मा दोनदा पुसावा लागला. परवा नणंद पहिल्यांदाच त्या बोळातून गाडी घेऊन थेट दारात आली. तुमच्या घरी रात्री कोणाला गाडी आणायची वेळ आली, तर ती दारापर्यंत येईल का, हे आज एकदा नकाशावर बघून घ्या.