परसातले कासव

कासवी नुसत्या दृष्टीने आपल्या पिलांना पोसते, ही कल्पना संतांच्या वाणीतून मराठी मनात खोलवर रुजली आहे. शिवालयातील दगडी कासवाला नमस्कार करून मग गाभाऱ्याकडे वळण्याची रीतही जुनीच. प्रत्यक्ष सृष्टीत मात्र कासवी मातीत खळगा करते, अंडी पुरते आणि निघून जाते. पुढे पिलाचा सांभाळ करतात ते ऊन, माती आणि झाडझाडोरा. ज्याला जमिनीवरचे कासव परसात ठेवावयाचे आहे, त्याने आधी या तिघांचा विचार करावयास हवा. कुंपण हा त्यानंतरचा प्रश्न.

हा विचार फार बारकाईने करणारा एक गृहस्थ अठराव्या शतकात इंग्लंडात होऊन गेला. सेलबोर्न गावचा धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट हा त्याच्या 1789 साली प्रसिद्ध झालेल्या निसर्गविषयक ग्रंथामुळे जगाला ठाऊक आहे. त्याच्या आत्याकडे ससेक्स परगण्यात एक भूमध्यसागरी कासव होते. 1780 च्या मार्च महिन्यात, आत्याच्या निधनानंतर, व्हाइटने ते हिवाळी निद्रेतून उकरून काढले आणि घोडागाडीने सुमारे 80 मैल दूर आपल्या बागेत आणले. त्याचे नाव टिमथी. हा टिमथी वस्तुतः मादी होता, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. इतक्या वर्षांच्या सहवासातही हे प्राणी आपले गुपित सहज सांगत नाहीत!

व्हाइटने जे पाहिले, त्यातूनच कासवाच्या आवाराची आखणी निघते. शरद ऋतूत ऊन मंदावले की टिमथी भिंतीशी आपली ढाल तिरपी टेकवून उरलेसुरले किरण अंगावर घेई. ऐन उन्हाळ्यात तोच कोबीच्या रुंद पानाखाली दडे. पाठीवरून भरली गाडी गेली तरी न भंगावी अशी ढाल असूनही पावसाचे चार थेंब पडताच तो आडोसा शोधी. कासव आपल्या शरीरात उष्णता निर्माण करून टिकवू शकत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. पचनासाठी भूमध्यसागरी कासवाचे शरीर सुमारे 30 अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते. उन्हातील जंबुपार किरणांवाचून त्याच्या अंगी ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडते. साधी काच हे किरण बहुतांशी अडविते. म्हणून काचेच्या पेटीतले ऊन म्हणजे अर्धेच ऊन.

तेव्हा इंग्लंडसारख्या थंड देशात दक्षिणेकडे तोंड असलेली, दिवसभर ऊन मिळणारी जागा प्रथम निवडावी. सपाट हिरवळ डोळ्यांना गोड वाटते, पण कासवाच्या कामाची नाही. मातीत वाळू व खडी मिसळून पाण्याचा निचरा साधावा. एखादा उंचवटा, दोन-चार चपटे दगड, दाट झुडपांची सावली आणि पाऊस न शिरणारी कोरडी खोपी, एवढी विविधता असली म्हणजे कासव आपली ऊब आपण निवडते. पाण्याचे ताट उथळ असावे. उलथे पडलेले कासव खोल पाण्यात बुडते आणि कडक उन्हात भाजते. म्हणून उभ्या कडा टाळाव्यात.

कुंपणाविषयी एक गैरसमज आहे. कासव मंद, म्हणून चार काटक्या पुरेत, असे लोक मानतात. 1784 साली टिमथी बागेतून निसटला आणि आठवडाभराहून अधिक शोधाशोध झाल्यावर घेवड्याच्या शेतात सापडला! जाळीपलीकडचे दिसते, म्हणून कासव जाळीशी दिवसभर झटत राहते. त्यासाठी भिंत आरपार न दिसणारी हवी. ती जमिनीखाली वीतभर तरी उतरवावी, कारण कासव खणते. कोपऱ्यांत ते दोन्ही बाजूंना पाय देऊन चढते. तेथे वर आडवी फळी ठोकावी. पिलांच्या आवारावर जाळीचे छप्पर अवश्य हवे. कावळे, घुशी, उंदीर आणि कुत्रा यांच्यापुढे कोवळ्या ढालीचा निभाव लागत नाही.

अन्नाची व्यवस्था आवारातच व्हावी. आपण ज्याला तण म्हणून उपटतो, ते दुधळ आणि क्लोव्हर ही भूमध्यसागरी कासवाची मेजवानी. फळांच्या गोडीने त्याचे पोट बिघडते. कण्हेरीसारखी विषारी झाडे मात्र आवाराच्या आसपासही नकोत.

ही सारी खटपट कशासाठी, याचे उत्तर विसाव्या शतकाने कठोरपणे दिले. भूमध्यसागराच्या काठची लक्षावधी कासवे इंग्लंडात खेळण्यासारखी विकली गेली. कित्येकांच्या ढालीच्या कडेला भोक पाडून दोरी बांधण्यात आली. थंड, ओल्या हिरवळीवर बहुतेक फार काळ जगली नाहीत. अखेर 1984 साली युरोपीय समुदायाने या जातींचा व्यापार बंद केला.

भारतात तर हा प्रश्न आवाराच्याही आधीचा आहे. आपल्या तारांकित कासवाच्या ढालीवरील पिवळ्या चांदण्याच त्याच्या मुळावर आल्या. 2019 साली आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याला सर्वोच्च संरक्षण मिळाले आणि 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. ते घरी पाळणे हा गुन्हा आहे, मग परसातले आवार कितीही नमुनेदार असो. त्याचे खरे अंगण म्हणजे काटेरी झुडपांची कोरडी माळराने. तेथे त्याच्यासाठी करावयाची योजना एकच: ते माळ राखणे.

जेथे कायदा कासव पाळू देतो, तेथेही शेवटचा प्रश्न उरतोच. हा प्राणी पन्नास वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. व्हाइट 1793 च्या जूनमध्ये वारला. टिमथीने त्यानंतरचा हिवाळा काढला आणि 1794 च्या वसंतात देह ठेवला. आत्यामागून भाचा, भाच्यामागून आणखी कोणी, अशी राखणदारी हातोहात चालते. म्हणून आवाराचा आराखडा कागदावर उतरविताना, आपल्यामागे हे दार कोण उघडील, त्याचे नावही एका कोपऱ्यात लिहून ठेवावे. संतांनी कासवीला दिलेली ती दृष्टी माणसाने स्वतःकडे घ्यावी, ती अशी.