निश्चळ चेंडू आणि चंचल मन



आमच्या न्हावऱ्याच्या शिवारांत गॉल्फ कोणी खेळत नाहीं. मीं स्वतः उभ्या जन्मांत त्या खेळाची काठी हातीं धरलेली नाहीं. तरीहि एका सेवानिवृत्त शिक्षकानें त्यावर बोलावें याला कारण आहे. शाळेंत इतकीं वर्षें घालवूनहि जें मला उमगलें नाहीं, तें या खेळाकडे पाहतां पाहतां उमगलें.

क्रिकेटमध्यें चेंडू धांवून येतो. विचार करण्यास अवसर मिळत नाहीं. कुस्तींत प्रतिस्पर्धी अंगाला भिडलेला असतो. गॉल्फमध्यें मात्र चेंडू गवतावर निमूट पडलेला असतो. विटीदांडूंत जशी गल, तसा येथें सव्वाचार इंच व्यासाचा खळगा. असे अठरा खळगे कमींत कमी टोल्यांत पुरे करावयाचे. चार तासांच्या डावांत प्रत्यक्ष टोले मारण्याचा वेळ कांहीं मिनिटांचाच. बाकी सारा वेळ माणूस आपल्या मनाच्या सोबतीनें चालत असतो. ही सोबत बिघडली, तर तिच्यासारखा वैरी नाहीं.

उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय २०११ च्या मास्टर्स स्पर्धेंत अखेरच्या दिवशीं चार टोल्यांच्या आघाडीनें मैदानांत उतरला, आणि त्या दिवशीं त्याला ८० टोले लागले. हात तेच, काठ्या त्याच. डळमळलें तें मन! परंतु दोनच महिन्यांनीं त्यानें अमेरिकन ओपन आठ टोल्यांनीं जिंकली. मास्टर्सचा मान मिळण्यास मात्र २०२५ साल उजाडावें लागलें.

आपल्या पुण्याचे उदयन माने यांचेंहि उदाहरण घ्या. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूनें माघार घेतल्यामुळें त्यांना २०२१ सालीं टोकियो ऑलिंपिकमध्यें ऐनवेळीं प्रवेश मिळाला. ७१ टोल्यांच्या मैदानावर पहिल्या दिवशीं त्यांना ७६ लागले. एखादा खचला असता. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ६९ टोल्यांत डाव पुरा केला. अखेरचा क्रमांक ५६ वा. पण त्या एका रात्रींत मनाला सांवरणें, हें मला पदकाहून उणें वाटत नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. एका हुशार विद्यार्थ्याला परीक्षेच्या दारांत मीं बजावलें, "बाळ, आज चुकूं नकोस हो, शाळेची अब्रू तुझ्या हातीं आहे." वर्षभर जें गणित तो सहज सोडवी, तेंच त्याचें चुकलें. बाहेर आल्यावर त्यानें माझ्याकडे मान वर करून पाहिलें नाहीं. ती खालीं घातलेली मान मला अजून दिसते. मीं त्याला धीर दिला नव्हता; माझें भय त्याच्या खांद्यावर ठेवलें होतें.

कसलेला गॉल्फपटू "तळ्यांत चेंडू जाऊं नये" असें घोकीत नाहीं. तो चेंडूमागें उभा राहतो, नेमकी जागा हेरतो, श्वास सोडतो, ठराविक रीतीनें काठी फिरवून पाहतो आणि मगच टोला मारतो. रोजच्या सरावांतील हा क्रम कसोटीच्या क्षणीं त्याला आधार देतो. आत्मविश्वास म्हणजे विजयाची बढाई नव्हे. केलेल्या कष्टांची ती शांत आठवण होय. आणि बिघडलेला टोला तेथेंच सोडून पुढच्या चेंडूकडे चालूं लागणें, हें मनोबल.

तेव्हां, मातापित्यांनो, उद्यां आपलें मूल परीक्षेस निघेल, त्या वेळीं "चुकूं नकोस" म्हणूं नका. "जसें घरीं करतोस, तसेंच कर" एवढेंच म्हणा. मला तें म्हणतां आलें नाहीं, आपणांस येईल.