आवाज टिपण्याचे साधन

पॉडकास्ट करण्याचे मनात घेतलेल्या माणसाला पहिली चिंता पडते ती विषयाची नव्हे, सॉफ्टवेअरची. लग्नाचा बस्ता बांधावयास गेलेल्या यजमानाप्रमाणे तो एकामागून एक ठाण उलगडावयास लावतो: कोणात सोयी अधिक, कोणाचा पडदा देखणा, कोणते फुकट मिळते. ही चौकशी अगदीच व्यर्थ असते असे नव्हे. परंतु तिच्या गडबडीत मूळ प्रश्न मागे पडतो. ध्वनिमुद्रण चालू असता वीज गेली, इंटरनेट खुंटले किंवा संगणक अडला, तर तोवर बोललेल्यापैकी हाती काय उरते, हा तो प्रश्न होय.

समजा, इंदुरास असलेली नात पुण्यातील आपल्या आजीच्या आठवणी मुद्रित करीत आहे. आजी रंगात येऊन एखादी हकीकत सांगते ती एकदाच. 'नीट ऐकू आले नाही, पुन्हा सांग' असे म्हटले की दुसऱ्या खेपेस नुसता गोषवारा मिळतो. अशा वेळी इंटरनेटवरील संभाषण जसेच्या तसे मुद्रित करणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत धोक्याचेही. त्या वाटेने आवाज आकुंचित होऊन येतो; जोडणी क्षीण झाली की शब्दांचे तुकडे वाटेतच गळतात आणि गळाले ते गळालेच.

म्हणून प्रत्येकाचा आवाज ज्याच्या त्याच्या टोकाला टिपावा, ही रीत उत्तम. रिव्हरसाइड, झेनकास्टर या सेवा बोलणाऱ्याच्याच संगणकावर ब्राउझरमध्ये आवाज नोंदवतात व तेथून तो पुढे पाठवतात. अट एवढीच की, सारा आवाज पोहोचेपर्यंत पाहुण्याने ते पान मिटता कामा नये. वृद्ध आजीकडून ही अपेक्षा धरणे धाडसाचेच. त्यापेक्षा तिच्यापुढे मोबाइल ठेवून त्यातलाच ध्वनिमुद्रक चालू करावा आणि फाइल मागाहून मागवावी. मात्र दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. तासाभरात दोन आवाज एकमेकांपासून किंचित सरकतात. आरंभी व शेवटी एकेक टाळी वाजवून ठेवली, तर ते जुळवता येतात.

माणसे एकाच मेजाशी बसली असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र मायक्रोफोन व स्वतंत्र ट्रॅक हवा. एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यावर पडला, तर ट्रॅक वेगळे असल्यास तो बराचसा काढता येतो. एकत्र मिसळल्यावर वरणातले मीठ काढण्यासारखी गत होते. येथे ऑडासिटीची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. 1999 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात आरंभलेले आणि 2000 साली लोकांपुढे आलेले हे विनामूल्य सॉफ्टवेअर बहुतेकांस पुरेसे आहे; परंतु ते एका वेळी एकाच उपकरणातून आवाज घेते. यूएसबीचे दोन मायक्रोफोन जोडून दोन ट्रॅक मिळतील, या आशेने पुष्कळांचे पैसे वाया जातात. त्याकरिता दोन मायक्रोफोन घेणारा ऑडिओ इंटरफेस लागतो. ॲपलचा संगणक असणाऱ्यास गॅरेजबँड आयतेच मिळते. दर आठवड्यास काम करणाऱ्याने रीपर पाहावे. 60 दिवस ते पूर्णपणे वापरून पाहता येते.

ऑडासिटीचा एक मोठा गुण असा की, ते आवाज नोंदवता नोंदवताच डिस्कवर लिहीत जाते. मध्येच बंद पडले, तर पुढच्या वेळी उरलेले परत करू पाहते. 2021 पूर्वी मात्र त्याची प्रकल्प-फाइल चिमुकली असे आणि खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये राही. फाइल नेली, फोल्डर राहिले, अशी फसगत तेव्हा सहज होई. आता दोन्ही एकत्र असतात. तरीही मूळ आवाजाची वेव्ह स्वरूपातील प्रत निराळी काढावीच. ॲडोबी ऑडिशनसारख्या मासिक भाड्याच्या सॉफ्टवेअरबाबत तर हे अधिकच अगत्याचे; भाडे थांबले की आपलेच प्रकल्प त्यात उघडेनासे होतात. सेकंदास 44,100 नमुने व 16 बिट या मापाने एका माणसाचे तासभराचे बोलणे सुमारे 300 मेगाबाइट भरते. एवढी जागा आज कोणासही जड नाही. एमपी3 प्रत लहान होते खरी, पण आवाजाचा काही अंश टाकूनच. ती श्रोत्यांकडे पाठवावी, मूळ म्हणून जपू नये.

निवड पक्की करण्याआधी दहा मिनिटे काहीही बोलून मुद्रित करावे, सॉफ्टवेअर मध्येच जबरीने बंद करावे, आणि ते पुन्हा उघडून काय वाचले ते कान देऊन ऐकावे.