थापटणं



मायबापहो, सेवेला घेतलेल्या अभंगाचे पहिले दोन चरण काल झाले. आज तिसऱ्या चरणाआधी एक दृष्टांत सांगतो. पुराणातला नाही, माझ्याच गाडीचा आहे. हसू नका. लोखंडाचा दृष्टांत कीर्तनात चालत नाही असं कुठं लिहिलंय? कुंभाराचं मडकं चाललं, न्हाव्याचा आरसा चालला, माळ्याचा मळा चालला. मग मिस्त्रीचा पाना काय पाप करतो?

आपल्या धारूरच्या माणसाला घाट समजावून सांगायला नको. पण हे पुस्तकात छापून येणार आहे असं मंडळी म्हणतात, म्हणून लांबच्या वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. किल्ले धारूर बालाघाटाच्या माथ्यावर आहे. आदिलशाहीतल्या किश्वरखानानं सोळाव्या शतकात इथं किल्ला बांधला तो उगाच नाही, खाली दऱ्या आहेत. तेलगाव, माजलगावकडं निघालात की घाट उतरावाच लागतो. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. हंगामात समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला की ड्रायव्हर नास्तिक असला तरी पांडुरंगाचं नाव घेतो.

आणि आमचा धंदा रात्रीचा. नऊ ते अकरा कीर्तन, मग नारळ, मग जेवण, आणि बारा-साडेबाराला घाट चढायचा. गाडीत आम्ही आठ जण: मृदंगी, विणेकरी, पेटीवाले, चार टाळकरी आणि मी. चालवणारं पोरगं नववं. ही गाडी माझ्या नावावर आहे, पण माझी नाही. चार गावांनी वर्गणी करून जुनीच घेऊन दिलेली. आषाढीला आमची दिंडी निघते तेव्हा हीच गाडी मागं चालते. तिच्यात पिठाची पोती असतात आणि ज्यांचे गुडघे चालत नाहीत अशा म्हाताऱ्या असतात.

तर मागच्या वैशाखात काय झालं, पहाटे काकड्याला निघायचं म्हणून गाडी चालू केली की पुढून आवाज यायचा. खर्रर्र. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावे तसा. तीन-चार सेकंद. मग बंद. दिवसभर पुन्हा काही नाही. चालवणारं पोरगं म्हणालं, महाराज, दाखवून घेऊ. मी म्हणालो, माणूससुद्धा सकाळी उठल्यावर खोकतो, म्हणून काय दवाखान्यात न्यायचं?

असे पंधरा दिवस गेले. मग एकदा धारूरलाच चाचांच्या गॅरेजात हवा भरायला थांबलो. चाचा साठीचे, हात कोपरापर्यंत काळे, नमाज चुकवत नाहीत. पोरग्यानं माझं न ऐकता आवाजाचं सांगून टाकलं. चाचा म्हणाले, "आत्ता गाडी गरम आहे, आत्ता ती खोटं बोलेल. रात्री इथंच ठेवा. पहाटे मी ऐकतो."

पहाटे मीही गेलो. चाचांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि पोरग्याला म्हणाले, मार स्टार्टर. खर्रर्र झालं. चाचांनी डोळे मिटले. आवाज थांबला तरी ते ऐकतच होते. मग म्हणाले, "टायमिंग चेन. ढिली झालीय. बदलावी लागेल. चेन, तिच्या पट्ट्या, टेन्शनर, दातेरी चाकं, तेल, मजुरी, सगळे मिळून 22,000."

मायबापहो, 22,000! मी आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत चार वर्षं माधुकरी मागून शिकलेला माणूस. झोळीत पडलेली शिळी भाकर मोजून खाल्लेली. गाडी तर चालतेय. आणि हा माणूस, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचे 22,000 मागतोय! मला राग आला. चेनचा नाही आला, चाचांचा आला.

आता इथं थांबा. तेर इथून काही लांब नाही, केज-कळंब करून जाता येतं. गोरोबाकाकांच्या अंगणात संतमंडळी बसली होती. कोपऱ्यात थापटणं पडलेलं. मुक्ताबाईंनी विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, याच्यानं मडकं कच्चं की भाजलेलं ते कळतं. मुक्ताबाई म्हणाल्या, मग आमचंही बघा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेवराय तेवढे चिडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

ही कथा तुम्हाला पाठ आहे. पण नामदेवरायांना राग कशाचा आला ते बघा. कच्चेपणाचा नाही आला, थापटण्याचा आला. पंढरपुरात जाऊन देवाकडं तक्रार केली, आणि देवानं काय केलं? समजूत काढली नाही. म्हणाला, गोरोबा बरोबर बोलतोय, औंढ्याला जा, विसोबा खेचरांना गुरू कर. म्हणजे तपासणी खरी ठरली आणि वर खर्चही सांगितला! साक्षात ज्याच्याशी देव बोलायचा, त्याला औंढा नागनाथची वाट चालावी लागली. मी तर एका गाडीचा मालक, तोही नावापुरता.

बरं, म्हणून काय मिस्त्री सांगेल ते डोळे झाकून मानायचं का? अजिबात नाही. थापटणं गोरोबांच्या हातातलं आहे की दुसऱ्या कुणाच्या, हे बघायचा अधिकार मडक्याला आहे. मी अंबाजोगाईच्या दुसऱ्या एका मिस्त्रीकडं गेलो. चाचांचं नाव घेतलं नाही, निदान सांगितलं नाही, फक्त म्हणालो ऐका. तो म्हणाला, आधी तेल आणि फिल्टर बदला, तेल जुनं झालं असेल तरी असा आवाज येतो, स्वस्तात भागेल. बदललं. चार दिवस पहाटे कान लावला. आवाज तसाच. मग चाचांकडं परत आलो आणि म्हणालो, मला दाखवा. त्यांनी वरचं कव्हर उघडलं, चेनवर बोट ठेवून दाबली. ताठ पाहिजे ती झोपाळ्याच्या दोरीसारखी हलली.

मग त्यांनी मला समजावलं, ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, त्याला क्रँक म्हणतात. वर दुसरा, तो कॅम. खालचा दोनदा फिरला की वरचा एकदा फिरायचा, ना कमी ना जास्त. वरचा दांडा झडपा उघडतो आणि मिटतो. हवा आत कधी, धूर बाहेर कधी, ते त्याच्या हातात. या दोघांना बांधणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. आमच्या मृदंग्याला हे माझ्याआधी कळलं! तो म्हणाला, महाराज, ही तर सम आहे. खालून मृदंग, वरून टाळ. सम चुकली की कीर्तनात आपण हसून सांभाळून घेतो. इंजिन सांभाळून घेत नाही. चेन एक दाता सरकली, झडप उघडी असताना खालून दट्ट्या वर आला, की लोखंडावर लोखंड. झडपा वाकतात. मग खर्च तिप्पट, आणि गाडी जिथं आहे तिथं उभी.

आणि आवाज पहाटेच का? साखळी एकदम तुटत नाही. कडीतली पिन झिजते, केसाएवढी जागा होते, सगळ्या कड्यांची मिळून साखळी लांबते. ती ढील ओढून धरायला टेन्शनर असतो, आमच्या गाडीत तो तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं. पहाटे दाब यायला दोन-चार सेकंद लागतात, तेवढ्यात सैल साखळी आत थपडा मारते. तेल चढलं की आवाज मिटतो. झीज मिटत नाही. तेल वेळेवर न बदलल्यानं झीज वाढते, तेही चाचांनी सांगितलं. मी पोरग्याकडं बघितलं. पोरग्यानं माझ्याकडं बघितलं. तेलाचे पैसे पुढच्या महिन्यात बघू असं तीन वेळा म्हणणारा मीच होतो.

शेवटी मी विचारलं, "चाचा, घाटात बंद पडली तर?" ते म्हणाले, "उतारावर इंजिन बंद पडलं की ब्रेक दोन-तीनदा पायाला नेहमीसारखा लागेल. मग दगड. स्टिअरिंग पण जड. बाकी तुमचा पांडुरंग."

आता खरी गोष्ट सांगतो, जी मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, गाड्यांची घेणं-देणं करतात. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, महाराज, कशाला 22,000 घालता? विकून टाका. गिऱ्हाईक दुपारी बोलावू, गाडी आधी दहा मिनिटं फिरवून आणू, गरम इंजिन आवाज करत नाही. वर आपल्या माळेची गाडी म्हटल्यावर कुणी शंका घेणार नाही.

मायबापहो, मी लगेच नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, बघू. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि धर्मविचारानं आली नाही असं नाही, हिशेबानं आली नाही. किती येतील, त्यात किती घातले की दुसरी येईल. साठी उलटलेला, गळ्यात माळ असलेला, तुम्ही ज्याच्या पायावर डोकं ठेवता तो माणूस रात्री एकपर्यंत हाच हिशेब करत होता. तुकोबारायांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, हे मी कीर्तनात किती वर्षं सांगतोय! त्यांनी येणं बुडवलं. मी दुसऱ्याच्या गळ्यात खोट बांधायला निघालो होतो. आणि माळ असल्यानं शंका घेणार नाहीत, हे वाक्य मला झोंबलं कधी? ऐकताना नाही. पहाटे पोरग्यानं स्टार्टर मारला आणि ते खर्रर्र झालं तेव्हा. ज्यानं गाडी घेतली असती, त्याचीही बायको-लेकरं घाट उतरलीच असती ना?

त्या गृहस्थांना फोन करून नको म्हणालो. ते हसले. हसू दे.

पण पैसे कुठले? माझ्याजवळ 9,000 होते. दिंडीच्या पेटीत 25,000 होते, पण ते लोकांनी पंगतीसाठी दिलेले. एका मुक्कामाला बुंदी, पुरी, भाजी असा आमचा बेत ठरलेला. अन्नदानाचा पैसा लोखंडात घालायचा का? ज्यानं ज्या कामाला दिला त्याला न विचारता दुसरीकडं वळवणं म्हणजे चोरीच, मग काम कितीही चांगलं असो. म्हणून एकादशीला भजनानंतर देणाऱ्यांना बसवून घेतलं. सगळं सांगितलं. आवाज सांगितला, चाचा सांगितले, तेल वेळेवर बदललं नाही ते सांगितलं. विकायचा विचार तेवढा गिळला, तो आज तुमच्यापुढं काढला.

थोडी कुरबूर झाली. एक जण म्हणाला, देवाच्या वाटेवर देव सांभाळतो. दुसरा म्हणाला, वारी झाल्यावर काम करू, इतके दिवस चाललीच ना? तिसऱ्याला शंका, मिस्त्री जास्त सांगतो. तेवढ्यात एक आजी बोलल्या. त्या दरवर्षी त्याच गाडीत पिठाच्या पोत्याला टेकून येतात. म्हणाल्या, "बुंदी न खाल्ल्यानं कुणी मेलं नाही रे बाबांनो. आम्ही त्या गाडीत बसतोय, तुम्ही चालत येताय." मग कुणी काही बोललं नाही. पेटीतून 13,000 घेतले, तेही उसने, माझ्या बिदागीतून फेडायचे ठरले. अजून 4,000 राहिलेत, पेटी सांभाळणारे समोरच बसलेत.

काम दोन दिवस चाललं. माझी एकच अट होती, काढलेलं सामान मला परत पाहिजे. चाचांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट म्हणाले, सगळ्यांनी असं मागावं. त्यांनी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी-शेजारी टांगली. जुनी अर्ध्या बोटानं खाली लोंबत होती. एवढंच. त्या अर्ध्या बोटासाठी मी तीन आठवडे भांडत होतो. पट्ट्यांना खोल चरे पडलेले, टेन्शनर बाहेर येऊन येऊन संपलेला. चाचांनी 22,000 सांगितले होते, 21,400 घेतले. दिंडीसाठी म्हणून मजुरी कमी करतो म्हणाले होते, मी नको म्हणालो, तरी 600 परत दिलेच.

दिंडी केज, कळंब, येरमाळा, बार्शी करत गेली. बुंदीच्या मुक्कामाला पिठलं-भाकरी आणि ठेचा झाला. काही वारकऱ्यांनी नाक मुरडलं, आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

ती जुनी चेन माझ्या घरी विण्याच्या खुंटीशेजारी आहे. आणि आता पहाटे काकड्याला निघताना पोरगं स्टार्टर मारायच्या आधी काच खाली घेतं, हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प करतं आणि कान देतं. आमचा मृदंगीही तेवढ्यापुरता मृदंगावरचा हात काढतो.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!