वंगण किती थंड असावें?

इंजिनांतील तेल हें केवळ वंगण नव्हे. जेथें पाणी पोहोंचत नाहीं, तेथील उष्णता तेंच वाहून नेतें. मात्र तें फार तापलें म्हणजे पातळ होतें, आणि धातूवर धातू घासूं लागतो. निस्सान ३७०-झेड ही २००९ च्या नमुन्याची स्पोर्ट्स मोटार शर्यतीच्या मार्गावर सतत पळविली असतां तेलाचें उष्णतामान सुमारें १४० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढे. मग इंजिन राखण्यासाठीं गाडीची यंत्रणाच त्याचे फेरे कमी करी. म्हणून पुष्कळ मालक तिला ऑईल कूलर जोडूं लागले.

जोडणी अशी : तेलाचा फिल्टर व इंजिन यांच्या मध्यें एक चकती बसवितात. तींतून निघालेल्या दोन नळ्या पुढच्या बंपरमागें, वाऱ्याच्या झोतांत ठेवलेल्या रेडिएटरसारख्या जाळीकडे जातात.

परंतु तेल जितकें थंड तितकें चांगलें, हा समज घातक आहे. थंड तेल घट्ट राहतें, आणि त्यांत सांचलेला पाण्याचा अंश उडून जात नाहीं. यास्तव चकतींत थर्मोस्टॅट हवाच. तेल सुमारें ८० अंश तापेपर्यंत तो बहुतेक तेल कूलरकडे जाऊं देत नाहीं.

शेवटीं, नळी कोठें घासत नाहीं ना, सांधे पाझरत नाहींत ना, हें इंजिन चालवून पाहावें. मग तें बंद करून कमी झालेलें तेल भरावें. एक सांधा सुटला, तर तेल रस्त्यावर सांडून मागून येणाऱ्याची गाडी घसरेल. आणि ज्या इंजिनासाठीं हा खटाटोप, तेंच आधीं जाईल.