शिवेचा दगड
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)





दिंडीला शंभर वर्षं झाली. कौतुक पुष्कळ झालं. मी एकच विषय घेतो. सरकार आणि धर्म यांची शीव कुठं? शेतकऱ्याला शीव कळते. दगड हलला की सख्ख्या भावांत कज्जा लागतो.

आधी एक सांगतो. सरकार देवळाच्या कारभारात आलं ते वाईटच झालं, असं म्हणू नका. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरीत तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, दहा दिवस. कशासाठी? चोखोबांच्या लेकरांना विठोबाचं दार बंद होतं म्हणून. आपण टाळ कुटत होतो आणि दार बंद होतं! ते उघडायला एका साधुपुरुषाला प्राण पणाला लावावे लागले, आणि ते उघडं राहायला कायदा लागला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३ च्या कायद्यानं काढले, पण कोर्टकज्जा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जानेवारी २०१४ मध्ये मिटला. दार सगळ्यांना उघडं ठेवणं, दानपेटीचा हिशेब चोख ठेवणं, हे सरकारचं काम. राज्यघटनेनं तेवढी मुभा दिली आहे. पण नाम कसं घ्यायचं, कीर्तनात काय सांगायचं, हे सरकारचं काम नव्हे.

आता आषाढीची शासकीय महापूजा. रांगेतलं एक वारकरी जोडपं मुख्यमंत्र्यांबरोबर पूजेला बसतं, ते चांगलंच आहे. मुख्यमंत्री भक्त म्हणून आले तर तेही माउलीच. पण त्यांच्या खुर्चीपायी रात्रभर उभ्या राहिलेल्या म्हातारीची बारी थांबली, तर ती पूजा कोणाची झाली म्हणायची?

आपल्या पालखीतलं बघा. संध्याकाळी तळावर समाज आरती असते. चोपदार दंड उंच करतो आणि एवढा अफाट समाज एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, मिटवतो. तिथं ना फौजदार लागतो, ना मंत्री. शिस्त आपली, न्याय आपला. हा आपला कारभार आपण कोणाच्या हाती देऊ नये.

आता अवघड गोष्ट बोलतो. २०२४ साली सरकारनं दिंड्यांना वीस-वीस हजार रुपये जाहीर केले. आपल्यातही दोन मतं आहेत. माझं मत ऐका. पाण्याचा टँकर, दवाखाना, शौचालयं, चांगला रस्ता हे आपण हक्कानं मागू. ते विठोबाचे भक्त म्हणून नव्हे, रस्त्यानं चालणारी माणसं म्हणून. उद्या उरुसाला किंवा जयंतीला माणसं जमली तर त्यांनाही तोच टँकर मिळाला पाहिजे. पण दिंडीच्या नावानं रोख रक्कम नको. तो पैसा सगळ्या रयतेचा, त्यात विठोबाला न मानणाऱ्याचाही घास आहे. आणि घेतलेल्याची ओशाळी राहते. आज पाकीट येतं, उद्या फलक येतो, परवा ‘बुवा, कीर्तनात दोन शब्द आमच्यासाठी’ असा निरोप येतो. शिवाजी महाराजांचा नजराणा तुकोबारायांनी परत पाठवला, असं आपण कीर्तनात सांगतो. मग आपण कोणत्या तोंडानं पाकीट घ्यायचं?

भिशी गरिबाला जड जाते, हे खरं आहे. तर ज्याचं ऊस-बागाईत आहे त्यानं शेजारच्याची भिशी भरावी. एवढं आपल्याला जमणार नाही का?

शीव दोन्हीकडून राखावी लागते. सरकारनं गाभाऱ्यात मिरवू नये, आणि आपणही वीणा घेऊन कोणाच्या प्रचाराला जाऊ नये. मत ज्याचं त्यानं, ज्याला द्यायचं त्याला द्यावं. पण गळ्यात वीणा असताना माणूस कोणत्याच पक्षाचा नसतो. हा ठराव शताब्दीला करा, एवढीच पायावर डोकं ठेवून विनंती.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!